गादीवरून नोकरीकडे : एक सन्मानाची वाट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी संस्थेच्या वाटचालीचा आढावा घेतला जातो, दात्यांचा गौरव होतो आणि तरुणांना व्यापारात उतरण्याचे आवाहन केले जाते. हे सर्व यथोचितच आहे. परंतु आजच्या भाषणाचा विषय थोडा निराळा आहे. त्याची चर्चा व्यासपीठावर सहसा होत नाही. भोजनानंतरच्या घोळक्यात, हलक्या आवाजात मात्र ती नेहमी होते. वर्षानुवर्षे स्वतःच्या गादीवर बसलेल्या व्यापाऱ्यावर नोकरी पत्करण्याची वेळ आली तर त्याने काय करावे, कोणत्या वाटा त्याला मोकळ्या आहेत आणि समाजाने त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा तो विषय होय.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ज्या काळात ती रूढ झाली, त्या काळी नोकराला ना भविष्यनिर्वाह निधी होता, ना साप्ताहिक सुट्टी, ना निवृत्तिवेतन. आज परिस्थिती पालटली आहे. म्हण मात्र तशीच राहिली आहे. शिवाय पेढीचा इतिहास नीट पाहिला तर असे दिसते, की पेढी कधीच एकट्या मालकाच्या बळावर चालली नाही. मुनीम, दिवाणजी, गुमास्ते आणि वसुलीला जाणारा विश्वासू माणूस यांच्या खांद्यांवर ती उभी होती. आज नावारूपाला आलेल्या कित्येक घराण्यांतील मूळ पुरुषाने आरंभी दुसऱ्याच्या दुकानात ताग्यांच्या घड्या घातल्या होत्या. पहिल्या पिढीने नोकरीतून व्यापारात येणे हा पराक्रम मानला जातो. मग तिसऱ्या पिढीने व्यापारातून नोकरीत जाणे ही नामुष्की कशी ठरते?

काळ कसा पालटला

उदाहरणादाखल कापडाचाच व्यापार घ्यावा. १९५७ सालच्या कायद्याने कापडावर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्क बसविले गेले. त्यामुळे कित्येक दशके कापड दुकानदाराला विक्रीकराच्या हिशेबाची फारशी झळ लागली नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ताग्याच्या कापडावरही ५ टक्के कर आला. रक्कम मोठी नव्हती, पण रोजमेळ आणि खतावणीवर चालणाऱ्या दुकानाला संगणक, मुदतीची विवरणपत्रे आणि दंड यांची ओळख झाली. त्यापूर्वी, नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी होऊन गेली होती. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ऐन लग्नसराईचा हंगाम कुलपाआड गेला.

दुसरीकडे २००१ साली बिग बझार आणि २००२ साली डी-मार्ट सुरू झाले. आता साखळी दुकाने तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत. फ्लिपकार्ट २००७ सालचे, मीशो २०१५ सालचे. गिऱ्हाईक दुकानात येते, कापडाचा पोत हाताने पाहते आणि भाव मोबाइलवर तपासते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एवढा गाजावाजा झालेल्या बिग बझारच्या मालकांच्याही हातून २०२२ साली ती दुकाने गेली. मोठ्या भांडवलाला जे टाळता आले नाही, ते दोन शटरच्या दुकानदाराला टाळता आले नाही, तर त्यात त्याच्या कर्तृत्वाचा दोष शोधणे अन्यायाचे होईल.

दुकानाचा खरा नफा

पुष्कळ दुकानदारांना आपले दुकान तोट्यात आहे हे कळतच नाही, कारण गल्ल्यात रोज पैसे दिसतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी स्वतःच्या जागेत कापडाचे दुकान आहे. वर्षाची विक्री ३६ लाख रुपये आणि त्यावर सरासरी २० टक्के मार्जिन, म्हणजे ७ लाख २० हजार रुपये. दोन नोकरांचा पगार, वीज, पिशव्या, हिशेबनीस आणि दुरुस्ती मिळून ३ लाख ६० हजार रुपये खर्च. उरलेले ३ लाख ६० हजार, म्हणजे दरमहा ३० हजार रुपये, ही आपली कमाई असे मालक मानतो.

आता यातून वजाबाकी करावी. मालात गुंतलेले १५ लाख रुपये ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते, तर १ लाख ५ हजार रुपये व्याज आले असते. जागा भाड्याने दिली असती, तर दरमहा ८ हजारांप्रमाणे ९६ हजार आले असते. घरातील गृहिणी अथवा मुलगा रोज चार तास दुकानात बसतो, त्या श्रमाचे दरमहा ५ हजारांप्रमाणे ६० हजार. ही सर्व रक्कम वजा जाता मालकाच्या स्वतःच्या श्रमाचे मोल वर्षाला ९९ हजार, म्हणजे दरमहा सव्वाआठ हजार रुपये उरते. रोज बारा तास दुकानात उभे राहून, आणि बुडीत उधारी न मोजता!

हाच गृहस्थ दरमहा २० हजारांची नोकरी धरील, तर वर्षाचा पगार २ लाख ४० हजार, जागेचे भाडे ९६ हजार आणि १५ लाखांचा माल सेलमध्ये १० लाखांना गेला असे धरले, तरी त्याचे व्याज ७० हजार. एकूण ४ लाख ६ हजार रुपये. शिवाय गृहिणी आणि मुलगा मोकळे होतात. प्रत्येक दुकानाचा हिशेब असाच निघेल असे नाही. ज्याची विक्री चांगली आहे, ज्याचा माल फिरता आहे, त्याने दुकान सोडण्याचे कारण नाही. पण हा हिशेब दरवर्षी वहीपूजनाच्या दिवशी एकदा प्रामाणिकपणे मांडावा, एवढे मात्र प्रत्येकाने करावे.

दुकान बंद करण्याची रीत

दुकान उघडण्याचा मुहूर्त सगळे पाहतात. बंद करण्याचा मुहूर्त कोणी पाहत नाही. परिणामी भांडवल संपल्यावर, मग हातउसने संपल्यावर आणि शेवटी घरातील सोने गहाण पडल्यावर शटर खाली येते. व्यापाऱ्याची खरी इभ्रत दुकान चालू राहण्यात नसून देणे फिटण्यात आहे. भांडवल अर्धे शिल्लक असताना घेतलेला निर्णय कुटुंबाला वाचवितो. तोच निर्णय दोन वर्षे लांबविला तर सावकाराच्या दारी नेतो.

बंद करताना काही गोष्टी क्रमाने कराव्यात. प्रथम देणेकऱ्यांची यादी करून सुरत, इचलकरंजी, मुंबई येथील व्यापाऱ्यांना स्वतः भेटावे आणि हप्ते ठरवून घ्यावेत. आपण होऊन भेटणाऱ्याला बाजार सांभाळून घेतो. तोंड चुकविणाऱ्याला नाही. येणे असलेल्या उधारीची लेखी कबुली घ्यावी, कारण विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षांची असते. नंतर जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा. नियमित नोंदणी असलेल्याने रद्द झाल्यावर ३ महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते आणि शिल्लक मालावर पूर्वी घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. शॉप अॅक्टची नोंद आणि व्यवसायकराची नोंदणी यांचेही असेच निराकरण करावे. नुसते कुलूप लावून गेल्याने नोंदणी बंद होत नाही. नोटिसा मागून येत राहतात.

आयकराचा एक मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. धंद्यातील तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर तो पुढील ८ वर्षे धंद्याच्याच उत्पन्नातून वजा होऊ शकतो. म्हणून बंद केलेल्या वर्षाचे विवरणपत्रही वेळेवर भरावे. पुढे कधी पुन्हा व्यवसाय सुरू झाला तर त्याचा उपयोग होतो.

आणखी एक सावधगिरीची सूचना. दुकान मोडून आलेली रक्कम हाती पडली, की घरबसल्या शेअर बाजारात रोजचे सौदे करण्याचा मोह होतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या १०० वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ जणांना तोटा झाला. उरलेले भांडवल वाचविणे हे व्यापाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

व्यापाऱ्याला मोकळ्या असलेल्या वाटा

सरकारी नोकरीचे दार या वयात बहुधा बंदच असते; राज्य शासनाच्या सेवेत खुल्या प्रवर्गासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३८ वर्षांची आहे. परंतु खाजगी क्षेत्रात व्यापाऱ्याच्या अनुभवाला किंमत देणारी अनेक ठिकाणे आहेत.

पहिली वाट मोठ्या वस्त्रदालनांची. साखळी दुकानांना काउंटरवर तरुण मुले हवी असतात; परंतु साड्या, सुटिंग-शर्टिंग, लग्नाचा बस्ता अशा विभागांचा प्रमुख अथवा फ्लोअर मॅनेजर म्हणून अनुभवी माणूसच लागतो. गिऱ्हाईक ‘बघून येतो’ म्हणाले तर ते परत येणार की नाही, हे ओळखण्याची विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकवीत नाहीत. येथे बारकोडचा साठा आणि संगणकावरील बिल शिकून घ्यावे लागते. रविवारी आणि सणासुदीला सुट्टी मिळत नाही, याचीही तयारी ठेवावी.

दुसरी वाट खरेदी विभागाची. सुरतचा सिंथेटिक माल, इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडी येथील यंत्रमागाचे कापड, भिलवाड्याचे सुटिंग, तिरुपूरची होजिअरी हे सर्व बाजार ज्याने पायाखाली घातले आहेत, तो मोठ्या दुकानाचे लाखो रुपये वाचवू शकतो. मात्र एक पथ्य पाळावे लागते. मालकाच्या पैशाने खरेदी करताना पुरवठादाराकडून स्वतःसाठी एक पैसाही घेता कामा नये. स्वतःच्या धंद्यात जी सूट होती, तीच नोकरीत लाच ठरते.

तिसरी वाट कापड गिरण्या आणि इतर उत्पादक कंपन्यांच्या विक्री विभागाची. दुकानदार माल का घेत नाही, जांगड मागण्यामागे त्याचा हिशेब काय असतो, वसुली कोणत्या आठवड्यात होते, हे काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहिलेल्या माणसालाच कळते. या कामात प्रवास फार आणि दरमहा उद्दिष्टाचा ताण असतो. प्रकृती सांभाळून निर्णय घ्यावा.

चौथी वाट गोदामांची. भिवंडीच्या परिसरात आणि मोठ्या शहरांच्या वेशीवर गोदामांचे जाळे उभे राहिले आहे. साठ्याची मोजदाद, परत आलेल्या मालाची तपासणी, ई-वे बिल आणि वाहतूकदारांशी व्यवहार ही कामे दुकानदाराने आयुष्यभर छोट्या प्रमाणावर केलेलीच असतात.

पाचवी वाट हिशेबाची. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन जी मंडळी गादीवर बसली, त्यांनी टॅलीचा आणि जीएसटीचा काही महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर सनदी लेखापालांच्या कार्यालयात किंवा एखाद्या आस्थापनेच्या लेखा विभागात काम मिळू शकते. वाणिज्य पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणीसाठी अर्जही करता येतो; त्यास लागू असलेल्या अटी आधी पाहून घ्याव्यात.

सहावी वाट पतसंस्था, सहकारी बँका आणि वित्तसंस्थांची. कर्ज मागणाऱ्या दुकानातील मांडणीवरचा माल विकला जाणारा आहे की वर्षानुवर्षे पडून आहे, हे तरुण अधिकाऱ्याला कागदावरून कळत नाही. व्यापाऱ्याला ते उंबरठ्यावरून दिसते. कर्जाची तपासणी आणि वसुली या दोन्ही कामांत ही नजर मोलाची ठरते.

सातवी वाट शाळा, रुग्णालये, वसतिगृहे आणि धर्मादाय संस्थांच्या व्यवस्थापनाची. भांडार, खरेदी, भोजनगृह, भाडेवसुली ही कामे करणारा विश्वासू माणूस प्रत्येक संस्थेला हवा असतो. पगार थोडा कमी असतो, पण स्थैर्य असते, आणि बहुधा गावही सोडावे लागत नाही.

विमा किंवा म्युच्युअल फंडाचे काम पुष्कळांना सुचविले जाते. ते चांगले आहे, परंतु ते बहुधा कमिशनचे असते, पगाराचे नव्हे. दरमहा निश्चित रकमेची गरज असलेल्या कुटुंबाने हा फरक आधी समजून घ्यावा.

अनुभवाचे भाषांतर

या साऱ्या वाटांवर पहिली अडचण एकच येते. व्यापाऱ्याजवळ अनुभव असतो, पण तो नोकरी देणाऱ्याच्या भाषेत मांडता येत नाही. ‘वीस वर्षे कापडाचे दुकान होते’ एवढ्या एका ओळीचा बायोडाटा वाचून कोणी बोलावीत नाही. त्याऐवजी वर्षाची विक्री किती होती, हाताखाली किती माणसे होती, किती पुरवठादारांशी व्यवहार होता, उधारी किती दिवसांत वसूल होत असे, शिल्लक माल किती टक्क्यांवर ठेवला, हे आकड्यांत लिहावे. व्यापाऱ्याला आकडे तोंडपाठ असतात. ते केवळ कागदावर उतरविण्याची सवय नसते.

दुकान का बंद केले, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. त्याचे उत्तर सरळ द्यावे. ‘बाजार बदलला, हिशेब मांडला, देणी फेडली आणि बंद केले’ या उत्तरात लपविण्यासारखे काही नाही. उलट ते ऐकून समोरच्याचा विश्वास वाढतो. ‘मालक’ हा शब्द कमी वापरावा आणि ‘जबाबदारी’ हा शब्द अधिक. ओळखपत्र म्हणून जुने पुरवठादार, बँकेचे अधिकारी, हिशेब तपासणीस यांची नावे, त्यांची संमती घेऊन, द्यावीत. वेळेवर पैसे दिलेल्या पुरवठादाराचा एक शब्द पदवीच्या कागदाहून अधिक काम करतो.

ज्यांच्याजवळ पदवी नाही, त्यांनी हाती असलेल्या कौशल्याचे प्रमाणपत्र घेण्याचा विचार करावा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. केंद्र शासनाचे नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्य शासनाचे महास्वयम् ही रोजगार नोंदणीची संकेतस्थळेही आहेत. मुलांच्या मदतीने नाव नोंदविण्यात कमीपणा मानू नये.

भविष्याची तरतूद आणि वयाची रेषा

दुकानदाराला स्वतःसाठी निवृत्तिवेतन नसते. दुकान हीच त्याची म्हातारपणाची काठी असते. नोकरी धरताना म्हणूनच केवळ हाती येणारा पगार पाहू नये. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि त्यातील सेवा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंतच धरली जाते. याचा सरळ अर्थ असा, की या योजनेचा लाभ हवा असेल तर ४८ वर्षांचे होण्यापूर्वी नोकरीत शिरले पाहिजे. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच सभासद होणाऱ्याचे वेतन नियमातील मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर त्याला निवृत्तिवेतन योजनेत प्रवेश मिळत नाही. त्या वेळी ही मर्यादा १५,००० रुपये ठरविण्यात आली होती. तेव्हा नियुक्तीपूर्वीच आपली नोंद कोणत्या योजनेत होणार, हे विचारून घ्यावे.

उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, सर्वसाधारणपणे सलग ५ वर्षांच्या सेवेनंतर दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाप्रमाणे मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठराविक मुदतीच्या करारावरील नोकराला ही अट १ वर्षावर आणली आहे. मर्यादित पगाराच्या नोकरांना राज्य विमा योजनेतून कुटुंबासह औषधोपचार मिळतात. २०१७ साली या पगाराची मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. दुकान चालविताना एका शस्त्रक्रियेने ज्यांचे भांडवल संपले, त्यांना या तरतुदीचे मोल सांगावयास नको.

मनाची तयारी

कागदपत्रे आणि अभ्यासक्रम यांहून अवघड असते ती मनाची तयारी. काल ज्याने नोकराला ‘चहा सांग’ म्हटले, त्याने आज अठ्ठावीस वर्षांच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहून रजेचा अर्ज द्यावयाचा असतो. पहिले सहा महिने कठीण जातात. ‘आमच्या दुकानात असे नव्हते’ हे वाक्य जिभेवर येते, ते गिळावे. सल्ला विचारल्यावाचून देऊ नये आणि विचारल्यावर हातचे राखू नये. हजेरीची वेळ पाळावी. दुकानात उशीर झाला तर फक्त आपले नुकसान होत असे. येथे दुसऱ्याचे होते.

याची दुसरी बाजूही आहे. कुटुंबाबरोबर रोज रात्री आठ वाजता जेवायला बसण्याचे सुख कित्येक दुकानदारांना नोकरीत गेल्यावरच प्रथम मिळते. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नेम असणाऱ्यांनी आपली वेळ आधीच सांगून ठेवली, तर बहुतेक ठिकाणी तीही सांभाळली जाते. देणेकऱ्याचा फोन वाजला की छातीत धडधडणे थांबते. झोप लागते.

समाजाचे कर्तव्य

येथे एक कटू गोष्ट बोलणे आवश्यक आहे. अनेक घरांत दुकान मनाने कधीच बंद झालेले असते, तरी मालक रोज सकाळी शटर उघडून बसतो, कारण बंद केले तर लोक काय म्हणतील? मुलीचे लग्न ठरायचे असते. बायोडाट्यात ‘वडिलांचा स्वतःचा व्यवसाय’ असे लिहावयाचे असते. त्या एका ओळीसाठी तो व्याजाने पैसे आणतो आणि कुणाला सांगत नाही. त्याला नोकरी मिळत नाही म्हणून तो बुडत नाही. आपण सर्व जण पाहत आहोत म्हणून तो बुडतो. हा दोष त्याचा एकट्याचा नाही, पाहणाऱ्यांचाही आहे.

म्हणून समाजाने तीन गोष्टी कराव्यात. सोयरीक जुळविताना ‘दुकान आहे का’ असे न विचारता ‘देणे आहे का’ असे विचारावे. मुलीच्या हिताचा प्रश्न खरे तर तोच आहे. ज्यांच्या आस्थापनांत माणसे लागतात, त्यांनी आपल्या जागांची माहिती ट्रस्टच्या कार्यालयात द्यावी आणि कार्यालयाने ती नोंदवही गोपनीय ठेवावी. गरजूचे नाव सूचनाफलकावर लागता कामा नये. आणि समाजबांधवाला नोकरी देणाऱ्याने ती उपकार म्हणून देऊ नये. पगार बँकेतून, ठरल्या तारखेला, भविष्यनिर्वाह निधीसह द्यावा. ‘घरचाच माणूस आहे’ असे म्हणून कमी पगारात बारा तास राबविणे ही मदत नव्हे.

शेवटी एका दुकानाची हकिकत सांगून हे विवेचन आवरते घेणे उचित होईल. दुकान परदेशातील आहे, परंतु धंदा कापडचोपडाचाच आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात १९१९ साली दोन मित्रांनी पुरुषांच्या कपड्यांचे दुकान काढले. मंदी आली, भरलेल्या मालाचे भाव कोसळले आणि १९२२ साली दुकान बंद पडले. त्यांपैकी एका भागीदाराने दिवाळे न काढता पुढे कित्येक वर्षे पगारातून देणी फेडली. दुसरा भागीदार, एडी जेकबसन, फिरता विक्रेता म्हणून नोकरीला लागला. पुढे त्याला दिवाळखोरीही पत्करावी लागली. परंतु नोकरी त्याने सोडली नाही आणि १९४५ साली पुन्हा स्वतःचे कपड्यांचे दुकान थाटले. पहिल्या भागीदाराचे नाव हॅरी ट्रुमन. त्याच १९४५ साली तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

प्रत्येक दुकानदार राष्ट्राध्यक्ष होणार नाही, आणि होण्याची आवश्यकताही नाही. परंतु बंद झालेल्या दुकानाने दोघांपैकी एकाचेही आयुष्य बंद झाले नाही, एवढे यातून घेण्यासारखे आहे. गादी ही बसण्याची जागा आहे. व्यापाऱ्याची सचोटी, मालाची पारख, माणसांची ओळख आणि दिलेल्या शब्दाची चाड ही त्या गादीत भरलेली नसते; तो जेथे जाईल तेथे ती त्याच्याबरोबर जाते. उद्या समाजातील एखादा बांधव शटर खाली ओढून, किल्ली घरमालकाच्या हाती देऊन, डबा घेऊन कामावर जाताना दिसला, तर नजर चुकवू नये. थांबून त्याला नेहमीसारखा जय जिनेंद्र करावा.

जय जिनेंद्र.